कात्रीचा स्वभाव : एका विकराचा छोटा इतिहास

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे पवईत येऊन विकरावर बोलणार म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या. पण प्रश्न आमच्याच घरचा आहे : एखादी वस्तू जे करते, तोच तिचा स्वभाव असतो का?

प्रथिनं कापणाऱ्या विकराला प्रोटिएज म्हणतात. यातल्या एका कुळाची गोष्ट ई. कोलाय या जिवाणूपासून सुरू होते. १९८०च्या दशकात दिसलं की एक जनुक बिघडलं, तर हा जिवाणू ४२ अंश सेल्सिअसच्या वर तग धरत नाही. म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं एचटीआरए. उच्च तापमानात गरजेचं, एवढाच त्याचा अर्थ. १९९९ मध्ये गंमत कळली. तापमान कमी असताना हे प्रथिन इतर प्रथिनांची घडी नीट बसवायला मदत करतं. तापमान वाढलं की बिघडलेल्यांना कापून काढतं.

माणसातला याचा भाऊबंद एचटीआरए-२. हा पेशीच्या मायटोकाँड्रियात राहतो. २००१ मध्ये लक्षात आलं की पेशीवर संकट आलं की तो तिथून बाहेर पडतो, मृत्यू रोखणाऱ्या प्रथिनांना निकामी करतो, आणि पेशी मरते. आता बघा, कर्करोगाच्या पेशी मरायचंच टाळत असतात. हा मारेकरी जागा करता आला तर? आशा साहजिकच होती.

पण २००३-०४ मध्ये उंदरांनी वेगळंच सांगितलं. हे विकर निकामी झालेल्या पिल्लांत पेशी जास्त जगायला हव्या होत्या. झालं उलटंच. मेंदूतल्या चेतापेशी मेल्या आणि पिल्लं महिना-सव्वा महिन्यात दगावली. म्हणजे कात्री तीच. घरात राखणदार, बाहेर मारेकरी.

पुढचा धागा मुंबईचा. परळला १९५२ मध्ये उभी राहिलेली, डॉ. वसंत रामजी खानोलकर जिचे पहिले संचालक, ती कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला गेली. आजचं ॲक्ट्रेक ते हेच. तिथल्या डॉ. काकोली बोस यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की या विकराच्या पात्यापासून दूर एक खोबण आहे. तिथे योग्य तुकडा बसला की पात्याची ठेवण बदलते. औषध शोधणाऱ्यांना धरायला मूठ मिळाली म्हणायची.

पण मूठ कधी, कुठल्या पेशीत फिरवायची? उंदरांची ती पिल्लं विसरून चालणार नाही. ॲरिस्टॉटल वस्तूचा स्वभाव वस्तूच्या आत शोधत होता. आम्हाला वाटतं, इथे तो अर्धा जागेत आहे.