नाचणाऱ्यांच्या अंगातला इतिहास

डॅन गेलर आणि डेना गोल्डफाइन यांचा ‘बॅले रूस’ हा माहितीपट 2005 मध्ये आला. नाव ऐकून जाणकाराला सर्गेई दियागिलेव आठवतात. 1909 मध्ये पॅरिसला रशियन नर्तक आणून ज्यांनी युरोपच्या रंगभूमीचा रंगच पालटला, निजिन्स्की, स्त्राविन्स्की, पिकासो अशा माणसांना एका कामाला जुंपले आणि 1929 मध्ये व्हेनिसला देह ठेवला, ते दियागिलेव. या माहितीपटात मात्र त्यांचा काळ सुरुवातीलाच आटोपतो आणि कॅमेरा वळतो तो त्यांच्या मागे त्याच नावाने उभ्या राहिलेल्या मंडळीकडे. ही मंडळी 1932 मध्ये माँटे कार्लोत सुरू झाली आणि तिच्या एका शाखेने अमेरिकेत 1962 पर्यंत प्रयोग केले. तिची कथा सांगायला चित्रपटकर्त्यांनी समीक्षक किंवा इतिहासकार मुख्य साक्षीदार म्हणून घेतले नाहीत. ऐंशी-नव्वदीच्या नर्तक-नर्तकींना त्यांनी समोर बसवले आणि बोलते केले. ही निवड निव्वळ हळवेपणातून आलेली नाही. नृत्यमंडळीचा इतिहास लिहिण्याची खरी रीत हीच आहे, कारण इथे नर्तकाचे शरीर हाच मूळ दस्तऐवज असतो.

त्या मंडळीची कागदोपत्री कथा म्हणजे मालकांची भांडणे. कर्नल द बाझिल आणि रने ब्लम यांनी मिळून संस्था काढली. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांनी पॅरिसमधल्या रशियन निर्वासित शिक्षिकांच्या वर्गांतून इरिना बारोनोवा, तमारा तुमानोवा आणि तातियाना रियाबुशिन्स्का या कोवळ्या मुली निवडल्या. त्यांतल्या दोघी तर जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या होत्या. पुढे बॅलन्शिन मंडळी सोडून गेले, त्यांच्या जागी लिओनीद मासीन आले, मग मासीनही फुटले आणि 1938 च्या लंडनमध्ये दोन रशियन मंडळ्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर खेळ लावू लागल्या. मंडळी फुटण्याचे मराठी वाचकाला नवल नाही. किर्लोस्कर मंडळीतून गंधर्व नाटक मंडळी निघाली ती 1913 मध्येच. पण एक फरक मोठा आहे. बालगंधर्वांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत राहिला. दियागिलेव यांना मात्र आपल्या बॅलेचे चित्रीकरण मान्य नव्हते आणि नंतरच्या मंडळ्यांचे जे चित्रीकरण उरले, त्यातले बरेचसे ऑस्ट्रेलियातल्या हौशी डॉक्टरांनी दौऱ्याच्या वेळी स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यांवर केलेले, तुटक आणि मुके आहे.

मासीन आणि द बाझिल यांचा वाद लंडनच्या न्यायालयात गेला, तेव्हा प्रश्न होता नृत्यरचनेच्या मालकीचा. नोकरीत असताना बसवलेल्या रचनांचा हक्क न्यायालयाने द बाझिल यांच्या पदरात टाकला. कायद्याने तो प्रश्न मिटला, पण ज्या वस्तूची मालकी ठरली ती वस्तू ना न्यायालयात होती, ना कर्नलच्या तिजोरीत. ती होती रोज सकाळी सराव करणाऱ्या नर्तकांच्या पायांत. याचा पुरावा पुढे मिळाला. मासीन यांनी 1933 मध्ये चायकोव्स्कीच्या पाचव्या सिंफनीवर ‘ले प्रेझाज’ बसवले. दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यानंतर रिओ द जनेरोला स्थायिक झालेल्या, द बाझिल यांच्या मंडळीतल्या तातियाना लेस्कोवा यांनी 1989 मध्ये ते पॅरिस ऑपेराच्या नर्तकांवर पुन्हा उभे केले. मंडळी कधीच मोडली होती, तिचा मालक 1951 मध्ये वारला होता, पण नृत्य जिवंत होते.

यावर पहिला आक्षेप असा की आठवण दगा देते. माहितीपटातली माणसे हसतात, एकमेकांच्या खोड्या सांगतात, जुनी भांडणे उकरतात; साठ वर्षांनी कुणाचे कोणाशी जमत नव्हते हे सांगताना प्रत्येकजण स्वतःकडे झुकणारच. त्याहून जड उदाहरण निजिन्स्कींच्या ‘वसंताच्या विधी’चे आहे. 1913 मध्ये त्याचे मोजकेच प्रयोग झाले. सात वर्षांनी दियागिलेव यांना ते पुन्हा रंगमंचावर आणायचे होते, तेव्हा त्यांच्याच मंडळीत ते पुरते आठवणारे कोणी उरले नव्हते आणि मासीन यांना नवे नृत्य रचावे लागले. 1987 मध्ये मिलिसेंट हॉडसन यांनी मूळ नृत्याची पुनर्रचना केली, ती मारी रँबेर यांची स्वरलिपीवरची टिपणे आणि त्या वेळची रेखाटने यांच्या आधाराने, म्हणजे शेवटी कागदावरूनच. हा आक्षेप मला खरा वाटतो, पण तो माझ्या म्हणण्याला कापत नाही, नेमका करतो. अंगातली आठवण टिकते ती घोटल्याने. ‘वसंताचा विधी’ थोडक्यांनी थोड्या वेळा नाचला आणि महायुद्धाने मंडळी पांगवली. ‘ले प्रेझाज’ वर्षानुवर्षे, गावोगाव नाचले गेले. म्हणून साक्ष घ्यायची तर घोटलेल्याची घ्यावी, आणि साक्षीदार हयात असताना घ्यावी. रँबेर यांची टिपणेही तालमीत हजर असलेल्या नर्तकीचीच होती, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचतो: जे जगले तेच बोलतात. रने ब्लम बोलू शकत नाहीत. फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेऑं ब्लम यांचा हा भाऊ 1942 मध्ये आउश्विट्झमध्ये मारला गेला. त्यांची बाजू पत्रांतून आणि करारांतूनच काढावी लागते. तिथे कागदाला पर्याय नाही. पण उलट बाजूही पाहा. 1955 मध्ये रेव्हन विल्किन्सन ही कृष्णवर्णीय तरुणी, अमेरिकेतली शाखा चालवणाऱ्या डेनहॅम यांच्या मंडळीत आली. दक्षिणेतल्या दौऱ्यांत तिला गोऱ्यांच्या हॉटेलांत उतरणे धोक्याचे होते. कू क्लक्स क्लॅनची माणसे तिच्या शोधात आली तेव्हा सहकाऱ्यांनी तोंड उघडले नाही. कार्यक्रमपत्रिकेत हे छापले जात नाही, हिशेबाच्या वहीतही उतरत नाही. विल्किन्सन कॅमेऱ्यासमोर शांतपणे हे सांगतात, तेव्हा त्या मंडळीची खरी किंमत कळते, आणि तिची मर्यादाही, कारण अखेर त्यांना नाचण्यासाठी हॉलंड गाठावे लागले.

दियागिलेव यांची मंडळी प्रतिभेने मोठी होती, यात वाद नाही. पण अमेरिकेतल्या लहान शहरांत रेल्वेने जाऊन बॅले दाखवला तो त्यांच्या वारसदारांनी. ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या बोरोव्हान्स्की यांच्या मंडळीतून पुढे तिथली राष्ट्रीय बॅले संस्था उभी राहिली. या झाडाची एक फांदी आपल्याकडेही आली. 1909 च्या पहिल्या हंगामात नाचलेल्या ॲना पाव्हलोव्हा यांनी 1923 मध्ये लंडनला, एके काळी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या उदय शंकर यांना आपल्यासोबत उभे केले. उदय शंकर यांच्या अल्मोडा केंद्रात काम केलेल्या शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि ‘रामायणा’त नर्तकांना कळसूत्री बाहुल्यांसारखे हलवले. बर्धन 1954 मध्ये गेले, ती मंडळी पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली, आणि तिची धुरा वाहणाऱ्या गुल बर्धन 2010 मध्ये निवर्तल्या. मुंबईतल्या बॅले मंडळ्यांत नाचलेले कोणी तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत असतील तर त्यांना उठून चार पावले करून दाखवायला सांगा, आणि ती चित्रित करून ठेवा.