काळ्या बिबळ्याचा कुलवृत्तान्त

मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली, तेव्हा वाघ, बिबळ्या, शार्दूल असे एकाहून एक भारदस्त शब्द पदरी असतानाही मराठीने हा परका शब्द जसाच्या तसा उचलला. आणि आता एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याची ओळख करून देताना ‘हे जुने पँथर’ एवढे म्हटले, की पुढचे काही सांगावे लागत नाही. हे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरांवरून आले, हे सर्वश्रुत आहे. परंतु कुलवृत्तान्त लिहिणारा जसा आजोबांपाशी न थांबता मूळपुरुषाचे गाव धुंडाळतो, तसा या नावाचा माग काढू लागले, की काळी टोपी, चामड्याचे जाकीट आणि हातातील बंदूक हे परिचित चित्र मागे पडते आणि वाट अखेरीस एका मतपत्रिकेपाशी जाऊन थांबते.

अलाबामा राज्यात सेल्मा आणि माँटगोमेरी या शहरांच्या दरम्यान लाउन्डेस नावाची काउंटी आहे. तिची लोकवस्ती त्या काळी सुमारे पंधरा हजार. पाचांतले चार कृष्णवर्णीय, पण जमीन बहुतांशी मूठभर गोऱ्या कुटुंबांची, आणि ती अर्धेलीने कसणारी कुळे मात्र काळी. १९६५ च्या मार्चचा आरंभ झाला, तेव्हा तेथील मतदारयादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. उलट नोंदलेल्या गोऱ्या मतदारांची संख्या हयात प्रौढ गोऱ्यांहून अधिक भरत होती. त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालील पदयात्रा या मुलखातून माँटगोमेरीला गेली, आणि यात्रेकरूंना मोटारीने पोहोचविणाऱ्या व्हायोला लियूझो या गौरवर्णीय स्त्रीचा येथील हमरस्त्यावर गोळी घालून खून करण्यात आला. यात्रा पुढे निघून गेली. परंतु ‘स्निक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी-संघटनेचे स्टोकली कारमायकेल आणि त्यांचे सोबती मात्र जॉन ह्यूलेट यांच्यासारख्या स्थानिक पुढाऱ्यांच्या साहाय्याला तेथेच राहिले.

ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा संमत झाला आणि नावनोंदणीच्या वाटेत आडवी घातलेली साक्षरतेची परीक्षा रद्द ठरली. पण मत द्यावयाचे कोणाला? राज्यात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची, आणि त्या पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा. त्याच्या माथ्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची ग्वाही देणारे बिरुद. १९६६ च्या जानेवारीत पक्षाने त्यातील वर्चस्वाचा उल्लेख वगळला खरा. परंतु लाउन्डेसमध्ये शेरीफच्या जागेसाठी उमेदवारी अर्जाचे शुल्क त्याच पक्षाने पन्नास डॉलरांवरून पाचशेवर नेले. अशा वेळी स्निकच्या संशोधन-विभागाचे प्रमुख जॅक मिनिस यांना राज्याच्या कायद्याच्या दफ्तरात एक विस्मृत तरतूद आढळली: प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी नागरिकांनी सभा भरवून उमेदवार निवडले, तर काउंटीपुरता नवा पक्ष स्थापन करता येतो, मात्र त्याला स्वतःची निशाणी असली पाहिजे.

या अटीत जो उपरोध दडला होता, तो कोणा कादंबरीकारालाही सहसा सुचला नसता. ज्या राज्याने अक्षरज्ञानाची सबब पुढे करून काळ्या माणसाला यादीबाहेर ठेवले, त्याच राज्याने निरक्षर मतदाराची अडचण ध्यानी घेऊन मतपत्रिकेवर चित्राची सोय करून ठेवली होती. म्हणजे अक्षरशत्रू गोऱ्याने कोंबडा पाहून खुशाल मत द्यावे आणि लिहितावाचता काळा परीक्षकाच्या लहरीवर नापास व्हावा, असा तो कारभार. आता तीच सोय दुसऱ्यांच्या कामी येणार होती. निशाणी शोधण्याचे काम स्निकच्या रूथ हॉवर्ड यांच्याकडे आले. त्यांनी प्रथम पारवा सुचविला. तो कोणाच्या मनास येईना. मग अटलांटातील क्लार्क कॉलेजचे बोधचिन्ह असलेला पँथर पुढे आला, आणि तो मात्र लोकांना पाहताक्षणी पटला. ह्यूलेट त्याचा अर्थ सांगत, तो असा की हे जनावर लोटले तर मागे सरते, आणखी लोटले तर आणखी सरते. पण पाठ भिंतीला टेकली म्हणजे मात्र झेप घेते. रात्री घराच्या राखणीला बंदूक ठेवण्याची रीत त्या मुलखात होतीच. तथापि मतपत्रिकेवर चढला तो बिबळ्या, बंदूक नव्हे.

या निशाणीची किंमतही मोजावी लागली. मतदारयादीत नाव घातले, म्हणून मळेवाल्यांनी कुळांना घरांतून काढले, आणि १९६५ संपता संपता निर्वासित कुटुंबे हमरस्त्याकाठी तंबू ठोकून राहू लागली. शेरीफचे काम काय, करआकारणी करणारा काय करतो, हे समजावणाऱ्या चित्रमय पुस्तिका घरोघर गेल्या. कारण ज्यांनी या कचेऱ्या आजवर केवळ दंड भरण्यासाठी पाहिल्या होत्या, त्यांना त्या चालवावयाच्या होत्या. ३ मे १९६६ रोजी सुमारे नऊशे माणसे हेनव्हिल गावानजीकच्या एका चर्चपाशी जमली आणि त्यांनी सात उमेदवार निवडले. नोव्हेंबरात सातही पडले. पण सुमारे चाळीस टक्के मते पडली होती, आणि पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास वीस टक्के पुरेशी होती.

तोवर बिबळ्याने मुलूख सोडला होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी लाउन्डेसची ती निशाणी आपल्या नव्या पक्षासाठी घेतली, आणि तेथे तिच्या हाती बंदूक आली. तिच्याबरोबरच पुढे मुलांसाठी मोफत न्याहारीची केंद्रेही निघाली. पण वर्तमानपत्रांच्या छायाचित्रांत बंदूक अधिक उठून दिसते, आणि सहा वर्षांनी नाव मुंबईला पोहोचले ते या छायाचित्रांच्या तेजोवलयासह. गंमत अशी, की निरक्षर मतदारासाठी चित्राची निशाणी ही युक्ती आपल्याला १९५१-५२ च्या निवडणुकीपासून पाठ होती. काँग्रेसची बैलजोडी आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती तेव्हाच मतपेट्यांवर झळकले होते; पण जो प्राणी समुद्रापलीकडे मतपत्रिकेवर जन्मला, तो येथे आला तो मात्र निवडणुकीच्या राजकारणावरील विश्वास उडालेल्या तरुणांच्या हाकेला.

मूळ गावी मात्र कुळाचा जुना हक्क वसूल झाला. १९७० च्या निवडणुकीत जॉन ह्यूलेट लाउन्डेसचे शेरीफ झाले. ज्या कचेरीची कामे चित्रांच्या पुस्तिकांतून शिकविली गेली होती, तिच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या.