देक्रेसिएन्ते : घट नेमकी कशाची?

स्पॅनिश भाषेत ‘देक्रेसिएन्ते’ म्हणजे घटत जाणारा. लॅटिनमधल्या ‘क्रेस्केरे’ म्हणजे वाढणे या क्रियापदाला ‘दे’ उपसर्ग लागून तो घडला. उतरत्या क्रमाला ‘ओर्देन देक्रेसिएन्ते’ म्हणतात. कृष्णपक्षातल्या चंद्राला मात्र ‘मेंग्वान्ते’ हे विशेषण अधिक रूढ आहे, आणि विणकामात टाके कमी करणेही ‘मेंग्वार’च.

तरीही चंद्राशी या शब्दाचे एक नाते आहे. स्पेनमध्ये मुलांना शिकवतात की चंद्र खोटारडा असतो : ‘क्रेसिएन्ते’ म्हणजे वाढणारा, त्याचे आद्याक्षर ‘सी’, पण त्या आकाराची कोर दिसते क्षयाच्या वेळी, ‘देक्रेसिएन्ते’चा ‘डी’ दिसतो वाढताना. अर्जेंटिनात, म्हणजे दक्षिण गोलार्धात, कोर उलटी दिसते आणि तोच चंद्र खरे बोलतो.

गणितातली व्याख्या साधी आहे : क्ष वाढला की फलनाची किंमत वाढता कामा नये. किंमत तशीच राहिलेली चालत असेल तर नुसते ‘देक्रेसिएन्ते’. दर वेळी उतरलीच पाहिजे असेल तर ‘एस्त्रिक्तामेन्ते देक्रेसिएन्ते’. काही पुस्तके पहिल्याच शब्दाला दुसरा अर्थ देतात, म्हणून व्याख्या आधी तपासावी.

विकलज ऋण असेल तर फलन घटते, हे विद्यार्थी पाठ करतात. हे सलग अंतरालावरच खरे, ही अट सुटते. एक भागिले क्ष या फलनाचा विकलज शून्य सोडून सर्वत्र ऋण आहे. तरी क्ष उणे एकवरून एकवर गेला की किंमतही उणे एकवरून एकवर चढते! शून्यापाशी प्रांत तुटला आहे. दोन्ही तुकड्यांवर फलन घटते, पण दोन्ही मिळून नाही. उलट, उणे क्ष-घनाचा विकलज शून्यापाशी शून्य होतो, तरी ते काटेकोरपणे घटतच राहते.

सर्वाधिक गोंधळ अर्थशास्त्रातल्या ‘रेन्दिमिएन्तोस देक्रेसिएन्तेस’ने होतो. त्याच शेतात एकेक मजूर वाढवत गेल्यास एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या मजुरामुळे पडणारी भर आधीपेक्षा कमी होते. पण भर शून्यावर येईपर्यंत एकूण पीक वाढतच असते. घटते ती भर. लोकसंख्येचेही तसेच. जगाच्या लोकसंख्यावाढीचा वार्षिक दर १९६० च्या दशकात सुमारे २ टक्के होता, आज तो १ टक्क्याखाली आहे. तरी २०२२ मध्ये लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचली. ती घटायला दर नुसता उतरून भागत नाही, तो शून्याखाली जावा लागतो.