डॉलर मुंबईचा, कार्षापण कुठला?

आजचा भाग नाण्यांबद्दल आहे, तर आधी खिशातलं एखादं नाणं बाहेर काढा. यूपीआयच्या जमान्यात सापडलं तर! त्यावरच्या सालाच्या खाली बघा. बारीक हिऱ्यासारखा चौकोन दिसला तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलंय. चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. या बारीक खुणेला मिंट मार्क म्हणतात. नाणं वजनात किंवा धातूत कमी भरलं तर जाब कुणाला विचारायचा, हे त्यावरून कळतं.

आज आपण दोन चांदीची नाणी बघणार आहोत. एक आहे सव्वाशे वर्षांपूर्वीचा डॉलर, दुसरं आहे नाणेघाटाच्या काळातलं. प्रश्न दोघांना एकच: तुला पाडलं कुठे?

आधी डॉलर. मुंबई आणि डॉलर हे ऐकून दचकू नका. एकोणिसाव्या शतकात चीन आणि आग्नेय आशियातला व्यापार चांदीच्या मोठ्या नाण्यांवर चालायचा, आणि तिथे मेक्सिकोच्या डॉलरचा दबदबा होता. इंग्रजांना तिथे स्वतःचं नाणं हवं होतं. इकडे 1893 मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. मग 1895 पासून मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश ट्रेड डॉलर पडायला लागला. म्हणजे आपल्या फोर्टातली, आज रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे ना, तीच टांकसाळ.

या डॉलरवर एका बाजूला हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया उभी आहे. दुसऱ्या बाजूला किंमत चिनी आणि जावी, म्हणजे अरबी वळणाच्या मलाय लिपीत लिहिलेली. ‘मुंबई’ हे नाव कुठेच नाही. मग ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि त्रिशुळाचा मधला दात बघा. तिथे इवलंसं इंग्रजी ‘बी’ दिसेल, ते बॉम्बेचं. कलकत्त्याच्या डॉलरवर ‘सी’ आहे, ते ब्रिटानियाच्या पायाजवळ, जमिनीच्या भागात. लंडनला पाडलेल्या डॉलरवर खूणच नाही, पण तिथले डॉलर 1925 आणि 1930 या सालांचे.

इथे एक सावधगिरी. खूण दिसत नाही म्हणजे ती नव्हतीच, असं नाही. हा दात नाण्याच्या उंच भागावर आहे, वापरून वापरून पहिला तोच झिजतो. म्हणून नुसती खूण बघू नका, साल आणि खूण एकत्र वाचा. नाण्यावर चिनी अक्षरांचे बारीक ठसे दिसले तर घाबरू नका. चिनी व्यापारी आणि सराफ चांदी पारखून झाली की आपला शिक्का मारायचे. टांकसाळीने जन्मगाव लिहिलं आणि या शिक्क्यांनी पुढचा प्रवास.

नकली डॉलरही भरपूर फिरतात. खऱ्याचं वजन साधारण 26.95 ग्रॅम, रुंदी 39 मिलिमीटर, आणि चांदी 90 टक्के. घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा साधारण 2.6 ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाचं पितळी नाणं तीनच्या वर जातं. आर्किमिडीजची कृपा!

आता दुसरं नाणं. त्यासाठी जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला जाऊ. कोकणातून देशावर चढणारा नाणेघाट इथेच माथ्याला येतो. घाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकायचे, असं सगळे सांगतात. शेजारच्या लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख तर जणू हिशेबाची वहीच. राणी नागणिकेच्या त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा मोजल्यात, गाई, घोडे आणि हजारो कार्षापण.

पुढे हा मुलूख क्षत्रपांकडे गेला. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर राजाचं मस्तक आहे, ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. नाही ती फक्त टांकसाळीची खूण. त्रिशुळाचा दात नाही, ‘बी’ नाही, चौकोन नाही. मग पत्ता काढायचा कसा?

अशा नाण्याचा पत्ता नाण्यावर नसतो, ते सापडतं त्या जागेत असतो. सोबत कुठली नाणी होती, किती होती, एकाच ठशातून निघालेली किती, यावरून माग काढावा लागतो. उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचं. 1906 मध्ये तिथे नहपानाची सुमारे 13,250 चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन व्हर्जन चढवलं, पण जुनं पूर्ण डिलीट झालं नाही!

यातलं एक नाणं सुटं मिळालं असतं तर लोक म्हणाले असते, ठसा चुकलाय. हजारो एकत्र मिळाली आणि मोजली गेली, म्हणून कळलं की हे ठरवून केलंय, राज्य बदललंय. नाणी वितळवत बसण्यापेक्षा त्यांच्यावरच नव्या राजाची मोहर उमटवली गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुंबईचा डॉलर सिंगापूरच्या दुकानात सापडला तरी तो मुंबईचाच, कारण जन्मगाव त्याच्या अंगावर कोरलंय. पण जुन्नरच्या शेतात नांगराला लागलेलं जुनं नाणं तिथून उचललं, धुतलं, सराफाकडे नेलं की त्याचा पत्ता पुसला गेला. मग उरते फक्त चांदी, आणि तिचा भाव ग्रॅमवर.

असं काही सापडलं तर हलवू नका. जागेसकट फोटो काढा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कळवणं बंधनकारक आहे. घरात आजीच्या डब्यात जुना चांदीचा डॉलर असेल तर मात्र भिंग घेऊन बसा, आणि त्रिशुळाचा मधला दात तपासा. भेटू पुढच्या भागात!