पॅरिसचा तह आणि ‘इतर मालमत्ता’

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा शेवट आपल्याकडच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली, ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला तह झाला आणि तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या. (हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि १७९३ मध्ये कायमधारा पद्धत लावून बंगालची रयत जमीनदारांच्या हवाली करून गेला. पण तो वेगळा विषय.) वसाहती स्वतंत्र झाल्या हे मान्य. माणसे कोणती स्वतंत्र झाली? याचे उत्तर १७७६ च्या जाहीरनाम्यातल्या समतेच्या घोषणेत शोधू नका, तहाची कलमे वाचा.

सातवे कलम सांगते की ब्रिटिश फौजेने निघून जावे आणि जाताना अमेरिकनांचे काळे गुलाम किंवा इतर मालमत्ता बरोबर नेऊ नये. ‘इतर’ या शब्दाकडे नीट पाहा. माणसे मालमत्तेत धरली होती, म्हणूनच बाकीची मालमत्ता ‘इतर’ ठरली.

ही अट नोव्हेंबर १७८२ मध्ये प्राथमिक मसुदा ठरताना शेवटच्या क्षणी घातली गेली. घालणारा हेन्री लॉरेन्स हा साऊथ कॅरोलिनातला बडा गुलाम-व्यापारी. समोर ब्रिटिशांच्या वतीने बसलेला रिचर्ड ओस्वाल्ड हा आफ्रिकेतल्या सिएरा लिओन नदीतल्या बन्स बेटाच्या गुलाम-किल्ल्याचा भागीदार. त्या किल्ल्यातून चार्ल्सटनला आलेली माणसे पूर्वी हाच लॉरेन्स दलालीवर विकत असे. म्हणजे युद्धात शत्रू असलेले दोन देश तहाच्या टेबलावर आले, तेव्हा तिथे दोन जुने धंदेवाईक मित्र बसले होते. त्यांना या कलमावर भांडायचे कारणच नव्हते.

पण अट घालायची वेळ का आली? कारण गुलाम पळाले होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. १७७९ मध्ये ही सवलत आणखी वाढवली गेली. हजारो स्त्री-पुरुष मळे सोडून ब्रिटिश छावण्यांकडे निघाले. इथे कोणी लगेच म्हणेल, म्हणजे इंग्रज तारणहार? मुळीच नाही. डनमोर स्वतः गुलामांचा मालक होता आणि राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याने हातही लावला नाही. यॉर्कटाऊनला अन्न संपले, देवीची साथ पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसने आसऱ्याला आलेल्या काळ्या माणसांना छावणीबाहेर हाकलले. शरणागतीनंतर हाती लागलेल्यांना मालकांसाठी ताब्यात ठेवण्याचे हुकूम वॉशिंग्टनने दिले. या माणसांनी कोणाच्या प्रेमापोटी बाजू निवडली नव्हती. साखळी जिथे तुटेल तिथे ती गेली.

मे १७८३ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन याच्याकडे सातव्या कलमाची मागणी केली. कार्लटनचे उत्तर असे की तहाआधीच आमच्या जाहीरनाम्याने जे मुक्त झाले ते आता कोणाची मालमत्ता नाहीत, दिलेला शब्द मी मोडणार नाही. फार तर नोंद ठेवतो, पुढे भरपाईचे बघा. त्या नोंदवहीत सुमारे ३,००० माणसे आहेत. नाव, वय, बांधा, पूर्वीचा मालक. त्यात हॅरी वॉशिंग्टन आहे, वय ४३. याचा मालक खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन. हॅरी १७७६ मध्येच माउंट व्हर्ननहून पळाला होता.

क्रांतीने काहीच बदलले नाही असे मी म्हणत नाही. राजा गेला. थोरल्या मुलालाच जमीन देणारे वारसाकायदे व्हर्जिनियाने मोडले. पेनसिल्व्हेनियात कर भरणाऱ्या साध्या गोऱ्या पुरुषाला मत मिळाले. न्यूजर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया मतदान करू लागल्या, १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला गेला. मूलवासी राष्ट्रांना तर तहाला बोलावलेच नाही, आणि मिसिसिपीपर्यंतची त्यांची भूमी परस्पर देऊन टाकली. अमेरिकनांच्या बाजूने लढलेल्या ओनायडांच्या जमिनीही पुढे न्यूयॉर्क राज्याने घशात घातल्या.

‘तो काळच तसा होता’ हे आवडते उत्तर आहे. कोणाचा काळ? व्हर्माँटने १७७७ च्या संविधानातच प्रौढांची गुलामी नाकारली होती. १७८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ फ्रीमन या निरक्षर गुलाम बाईने राज्याच्या नव्या संविधानातल्या समतेच्या कलमावर बोट ठेवून खटला लढवला आणि जिंकला. कलमाचा अर्थ तिला कळला, देशाच्या संविधानकर्त्यांना कळला नाही? १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या त्या मंडळींनी मालकांच्या राज्यांना जास्त प्रतिनिधी मिळावेत म्हणून गुलामाची गणती तीन-पंचमांश केली, गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय दिले आणि पळालेला गुलाम परत करण्याची सक्ती घातली. सातवे कलमच नव्या कपड्यांत आले. १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे ७ लाख होते. १८६० मध्ये जवळपास ४० लाख.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती काळ्या गुलामांना दास्यातून मोकळे केल्याबद्दल. म्हणजे १८६५ च्या मुक्तीसाठी. १७७६ चा जल्लोष त्यांनी अर्पणपत्रिकेत घेतला नाही. पुण्यात बसून त्यांना जो फरक दिसत होता, तो आजही आपल्या अनेक इतिहासकारांना दिसत नाही.

हॅरीचे सांगायचे राहिले. नोव्हा स्कोशियात या लोकांना जमीन उशिरा, थोडी आणि खडकाळ मिळाली. १७९२ मध्ये सुमारे १,२०० जण १५ जहाजांतून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, हॅरी त्यांत होता. त्यांचे फ्रीटाऊन ज्या नदीच्या मुखाशी वसले, तिच्याच वरच्या अंगाला ओस्वाल्डचे बन्स बेट होते आणि तिथे गुलामांचा व्यापार अजून चालू होता. वसाहतीच्या कंपनीने जमिनीवर सारा लावला. शब्द दिला होता फुकट जमिनीचा. १८०० मध्ये वसाहतकरी उठले, बंड मोडले गेले आणि साठीच्या हॅरीला नदीपलीकडे बुलोमच्या किनाऱ्यावर हद्दपार केले. काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १७९९ मध्ये, माउंट व्हर्ननला त्याचा जुना मालक वारला होता.