दृश्यपरिणामप्रधान आंतरजालीय लघुपट

चित्रपटगृहात किंवा दूरचित्रवाणीवर न जाता थेट आंतरजालावर प्रदर्शित होणारा, बहुधा दोन ते दहा मिनिटांचा आणि ज्याची कथाच संगणकात घडवलेल्या दृश्यांवर उभी आहे असा लघुपट. चित्रीकरण चालू असताना जागेवरच केलेले स्फोट, धूर, कृत्रिम पाऊस इत्यादींना स्पेशल इफेक्ट म्हणतात. चित्रीकरण संपल्यावर प्रतिमेत भर घालून, तिच्यातील काही पुसून किंवा अनेक प्रतिमा एकत्र जुळवून जे साधले जाते त्याला दृश्यपरिणाम अथवा व्यवसायातील रूढ संक्षेपाने व्हीएफएक्स असे नाव आहे आणि या लघुपटांची सारी भिस्त या दुसऱ्या प्रकारावर असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकांचा वेग वाढला, त्रिमितीय आकृती घडवणारे सॉफ्टवेअर एकट्यादुकट्या व्यक्तीच्या आवाक्यात आले आणि आंतरजालावरून चित्रफिती पाहता येऊ लागल्या, तेव्हा या प्रकाराला वाट मिळाली.

त्यातील सर्वदूर गाजलेला पहिला लघुपट म्हणजे ब्रूस ब्रॅनिट आणि जेरेमी हंट या दोघांचा ‘४०५’ होय. जून २००० मध्ये आयफिल्म या संकेतस्थळावर तो आला. लॉस एंजेलिसच्या ४०५ क्रमांकाच्या महामार्गावर डीसी-१० जातीचे प्रवासी विमान उतरते आणि रस्ता एकाएकी ओस का पडला हे न उमगलेला एक जीपचालक त्या विमानाच्या पुढ्यात सापडतो, एवढीच त्याची सुमारे तीन मिनिटांची गोष्ट आहे. जीपचालकाचे काम स्वतः हंट यांनी केले, तर विमान आणि रस्त्याचा बराचसा भाग लाइटवेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये घडवला गेला. तेव्हा यूट्यूब अस्तित्वात यायला पाच वर्षे होती आणि दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या मंद जोडणीवर अशी फीत उतरवून घेण्यास बराच वेळ थांबावे लागे. तरीही ती लाखो लोकांनी पाहिली. तिच्या यशाचे कारण विमानाच्या रेखीवपणापेक्षा रस्त्याच्या साधेपणात अधिक आहे, कारण लॉस एंजेलिसचा रहिवासी ज्या रस्त्यावर रोज वाहतुकीत अडकून बसतो, तोच रस्ता ओस पडलेला दिसणे हेच मुळात त्याच्या दृष्टीने अद्भुत होते आणि विमान त्यानंतरचे. या प्रकारातील उत्तम कृती बहुतेक अशाच असतात. ओळखीची जागा जशी आहे तशी ठेवून तिच्यात एकच अशक्य गोष्ट आणून सोडायची, ही त्यांची रीत आहे.

ती अशक्य गोष्ट खरी वाटण्यासाठी जी कामे करावी लागतात ती संथ आणि किचकट असतात. मूळ चित्रित दृश्याला प्लेट म्हणतात. प्लेटमधील कॅमेरा जसा हलला असेल तसाच संगणकातील काल्पनिक कॅमेराही हलावा लागतो, नाहीतर घातलेली वस्तू जमिनीवरून घसरल्यासारखी दिसते. त्यासाठी चित्रातील स्थिर बिंदूंचा एकेका चौकटीतून माग काढून मूळ कॅमेऱ्याचा मार्ग शोधला जातो आणि या क्रियेला ट्रॅकिंग किंवा मॅचमूव्ह असे नाव आहे. नवी वस्तू माणसाच्या किंवा झाडाच्या मागून जायची असेल, तर पुढच्या आकृतीची कड प्रत्येक चौकटीत कोरून वेगळी काढावी लागते. हे रोटोस्कोपिंग होय. मॅक्स फ्लाइशर यांनी १९१५ च्या सुमारास चित्रित हालचालींवरून रेखाचित्रे गिरवण्यासाठी जे यंत्र शोधले, त्याचे नाव या कामाला चिकटले आहे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर पाच सेकंदांच्या दृश्यासाठी अशा १२० कडा कोराव्या लागतात. परदेशी चित्रपटांचे असे ‘रोटो’चे काम मुंबईतील अनेक स्टुडिओंत होत आले आहे आणि ते करणाऱ्यांची नावे प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असतात, ही खेदाची बाब आहे. त्यानंतर संगणकातील वस्तूवर मूळ जागेसारखाच प्रकाश पाडून तिचे अंतिम चित्र काढणे म्हणजे रेंडरिंग, आणि सर्व थर एकजीव करणे म्हणजे कंपोझिटिंग. शेवटच्या पायरीवर सावलीची धार, धुक्याने फिके पडलेले अंतर, भिंगाचा किंचित दोष, चित्रातील कण अशा बारकाव्यांचा मेळ घातला जातो. डोळा फसतो तो मुख्यतः येथेच.

उरुग्वेचे दिग्दर्शक फेदे आल्वारेस यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये यूट्यूबवर टाकलेला ‘आताके दे पानिको!’ हा सुमारे पाच मिनिटांचा लघुपट या संदर्भात नेहमी सांगितला जातो. धुक्यातून चालत येणारे महाकाय यंत्रमानव मोंतेविदेओ शहराचा विध्वंस करतात, एवढाच त्याचा विषय. त्याचा खर्च अवघा ३०० डॉलर होता असे प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून तो आकडा दंतकथेसारखा फिरत राहिला आहे. परंतु हा हिशेब अपुरा आहे, कारण त्यात रोख पैसा मोजला जातो आणि श्रम मोजले जात नाहीत. ब्रॅनिट यांनी पुढे २००९ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘वर्ल्ड बिल्डर’ या लघुपटाचे चित्रीकरण एका दिवसात उरकले, पण त्यानंतरच्या संस्काराला दोन वर्षे लागली; आपल्या प्रिय स्त्रीसाठी हवेतल्या हवेत एक अख्खे गाव रचणाऱ्या पुरुषाची ती कथा असल्याने, त्या दोन वर्षांचे रूपकही तिच्यात आपोआप उतरले आहे. दृश्यपरिणाम स्वस्त झाले असे म्हणण्यापेक्षा पैशाची जागा वेळेने घेतली असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

सगळेच लघुपट एवढ्या पसाऱ्याचे नसतात. स्वीडनचे डेव्हिड सँडबर्ग यांनी पत्नी लोटा लोस्टेन यांना घेऊन २०१३ मध्ये केलेल्या ‘लाइट्स आउट’ या तीन मिनिटांहून कमी लांबीच्या भयपटात दिवा मालवला की एक आकृती दिसते आणि लावला की नाहीशी होते. स्थिर कॅमेऱ्याने आकृतीसह व आकृतीविना वेगवेगळे टिपलेले भाग दिव्याच्या क्षणावर सांधले की असा परिणाम साधतो. ही युक्ती आद्य फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांच्या काळाइतकी जुनी आहे. मराठी वाचकाला तिचे मूळ अधिक जवळ सापडेल. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकट-चौकट करून टिपली होती आणि ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत छायाचित्रणातील क्लृप्त्यांचा सढळ वापर केला होता. घरातल्या माणसांना हाताशी धरून, स्वतःच यंत्र शिकून अद्भुत घडवण्याची त्यांची पद्धत आजच्या या एकहाती कारागिरांशी थेट नाते सांगते.

या लघुपटांनी अनेकांना मोठ्या चित्रपटसृष्टीचे दार उघडून दिले. आल्वारेस यांना ‘ईव्हिल डेड’ (२०१३) मिळाला, सँडबर्ग यांनी आपल्या भयपटाचा २०१६ मध्ये पूर्ण लांबीचा चित्रपट केला. नील ब्लोमकँप यांच्या ‘अलाइव्ह इन जोबर्ग’ या लघुपटातून ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) हा ऑस्करच्या चार नामांकनांपर्यंत पोहोचलेला चित्रपट उभा राहिला. ब्लोमकँप यांचा लघुपट या साऱ्यांत विशेष मोलाचा आहे. त्यात जोहान्सबर्गचे रहिवासी परग्रहवासीयांबद्दल तक्रार करताना दिसतात. प्रत्यक्षात त्यांना इतर आफ्रिकी देशांतून आलेल्या निर्वासितांविषयी विचारले होते आणि उत्तरे खरी होती. विस्तार मात्र प्रत्येकाला मानवत नाही. पात्रिक झाँ यांचा ‘पिक्सेल्स’ (२०१०) जुन्या व्हिडिओ खेळांतील ठोकळ्यांनी न्यूयॉर्क गिळून टाकतो आणि अडीच मिनिटांत संपतो. त्याला आनसी येथील ॲनिमेशन महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण २०१५ च्या हॉलिवूडपटात तीच कल्पना ताणली जाऊन विरून गेली.

या क्षेत्राला सर्वांत टिकाऊ बळ ब्लेंडर या त्रिमितीय आकृती घडवणाऱ्या सॉफ्टवेअरने दिले. त्याचे जनक टोन रोसेंडाल यांनी २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो उभे करून ते मुक्त केले, तेव्हापासून ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. केन पार्सन्स या किशोरवयीन मुलाने जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबवर आणलेला ‘द बॅकरूम्स’ त्यातच घडला. पिवळ्या भिंतींच्या न संपणाऱ्या ओसाड दालनांना त्याने जुन्या व्हिडिओ कॅसेटचा धुरकटपणा दिला आणि त्यामुळे भीती वाढलीच, शिवाय संगणकी चित्राचा गुळगुळीतपणाही झाकला गेला. ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये इयन ह्यूबर्ट यांच्या दिग्दर्शनाखाली ‘टीअर्स ऑफ स्टील’ हा लघुपट केला तो मुळात दृश्यपरिणामांची साधने पारखण्यासाठी, आणि त्याच्या मूळ प्लेट्स व त्रिमितीय फाइली सर्वांसाठी खुल्या केल्या. ही कला शिकू पाहणाऱ्याने असे लघुपट नुसते पाहून थांबू नये. त्या प्लेट्स उतरवून घ्याव्यात आणि एखाद्या दृश्याची जुळणी स्वतःच्या हाताने करून पाहावी.