रस्त्याचा खटला, सरंजामाची सनद आणि आशियाचा कायदा



सिंगापूरमध्ये २००७ साली एक संस्था स्थापन झाली. तिला आपण मराठीत ‘आशियाई आंतरराष्ट्रीय कायदा परिषद’ म्हणू. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश व्यक्तिशः तिचे सभासद होतात. पहिले अध्यक्ष होते जपानचे न्यायमूर्ती हिसाशी ओवाडा. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, २०१३ साली ते दिल्लीला झालं. आता तुम्ही म्हणाल, सर, याच्याशी शहापूर-मुरबाडच्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका रस्त्याच्या भांडणातून जातो.

रस्त्याची भांडणं आपल्याला नवी नाहीत. बांधावरून बैलगाडी जायची, शेजाऱ्याने कुंपण घातलं, की माणूस तहसीलदाराकडे जातो. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, त्याचं पाचवं कलम अनेकांना तोंडपाठ असतं. तिथे पहिला प्रश्न काय असतो? वहिवाट होती का? आणि दुसरा, ती हक्काने होती की परवानगीने? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. नेमके हेच दोन प्रश्न १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने विचारले.

प्रकरण असं. जव्हार-तलासरीच्या पलीकडे दादरा आणि नगर हवेली. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी हा आपल्याच ठाणे जिल्ह्याचा शेजार. हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, पण समुद्राला लागून नव्हता. दमणहून तिथे जायचं तर मधला भारतीय प्रदेश ओलांडावा लागे. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला सेल्वास. आझाद गोमंतक दल होतं, गोवेकरांची संघटना होती, पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक होते, त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. भारताने पोर्तुगीजांना मधून जाऊ दिलं नाही. पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला १४ डिसेंबर १९५५ ला, आणि २२ डिसेंबरला त्यांनी भारतावर खटला भरला. अवघ्या आठ दिवसांत! भारत नुकता स्वतंत्र झालेला देश, आणि ज्याची वसाहत गेली तोच फिर्यादी.

पोर्तुगालचा आधार कोणता? १७७९ सालचा मराठ्यांशी झालेला तह. त्यांचं म्हणणं, पेशव्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं, आणि सार्वभौमत्वाबरोबर वाटही आली. मग तहाच्या सतराव्या कलमाच्या वेगवेगळ्या पाठांवर आणि भाषांतरांवर कीस पाडला गेला. १७८३ आणि १७८५ च्या सनदा पुढे आल्या. बघा, पेशवाईतला शब्द हेगपर्यंत गेला, ‘सरंजाम’. सरंजाम म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. वसूल तुमचा, मुलूख सरकारचा. तहात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं ठरली होती. न्यायालयाने हाच अर्थ मान्य केला: मराठ्यांनी वसुलाचा हक्क दिला, राज्य दिलं नाही. पण पुढे ते म्हणालं, इंग्रज आल्यावर त्यांनी तिथे पोर्तुगीज सत्ता आहे असं धरून व्यवहार केला, आणि स्वतंत्र भारतानेही मूकपणे तेच चालू ठेवलं. म्हणजे कागदाने जे दिलं नव्हतं, ते वागणुकीने दिलं गेलं.

आता वहिवाट. सव्वाशेहून अधिक वर्षं साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल त्या वाटेने मोकळेपणी जात होता. न्यायालय म्हणालं, ही दोन राज्यांमधली वहिवाट, आणि ती कायदा होऊ शकते. त्याआधी ‘रूढी’ म्हणजे सगळ्या जगाची रूढी, असं मानणारे बरेच होते. फक्त दोघांतली रूढीही बंधनकारक असते, हा सिद्धांत आज कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि त्याचा दाखला म्हणून आपल्या शेजारचा हा रस्ता दिला जातो. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांचं मात्र वेगळं. त्यांना परवानगी घ्यावी लागे. परवानगीने मिळते ती वाट, तो हक्क नव्हे. तहसीलदारही हेच म्हणाला असता.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. माणसं आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, अकरा विरुद्ध चार. सैन्य नेण्याचा नव्हता, आठ विरुद्ध सात; एका मताचं अंतर! आणि १९५४ च्या तणावात वाट रोखून भारताने कर्तव्यभंग केला नाही, नऊ विरुद्ध सहा. भारताची बाजू मांडायला ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते. भारताने नेमलेले खास न्यायाधीश होते महंमद करीम छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला प्रश्न पडतो. कायदा सगळ्या जगाचा म्हणायचा, तर त्याचे शब्द, त्याचे दाखले कोणाचे? सरंजामाचा अर्थ नीट मांडणारं कोणी तिथे नसतं, तर? मग युरोपातल्या कुठल्यातरी शब्दात तो कोंबला गेला असता, आणि पेशव्यांनी राज्य देऊन टाकलं असा इतिहास लिहिला गेला असता. सार्वत्रिक कायदा आकाशातून पडत नाही, त्या चर्चेत जो बसतो त्याचा अनुभव त्यात उतरतो.

हे त्या पिढीला कळलं होतं. १९५५ ला बांडुंग परिषद झाली. पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९५६ ला, भारत, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया, इराक, जपान आणि सीरिया या सात देशांनी आशियाई कायदा सल्लागार समिती स्थापन केली. १९५८ पासून तिच्यात आफ्रिकाही आली. ती सरकारांची समिती. १९५९ ला दिल्लीत भारतीय आंतरराष्ट्रीय कायदा परिषद निघाली, अध्यक्ष कृष्ण मेनन. ती अभ्यासकांची. या समित्या नुसत्या चहापाण्याच्या नव्हत्या. १९७२ साली लागोसच्या बैठकीत केनियाने मांडलं की किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क हवा. तेच पुढे १९८२ च्या समुद्र कायद्यात दोनशे सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र म्हणून आलं. आज सातपाटीच्या कोळ्याच्या मासळीला जे संरक्षण आहे, त्याची एक मुळी त्या बैठकीत आहे.

२००७ ची संस्था याच ओळीतली. पण एक गोष्ट बोलायला हवी. हेगमध्ये मराठ्यांची सनद वाचली गेली, इंग्रजांचा पत्रव्यवहार वाचला गेला. पण ज्या वारली, कोकणा, धोडिया माणसांच्या पायांनी ती वाट पडली होती, त्यांचं म्हणणं काय, हा प्रश्न निकालाच्या केंद्रात नव्हता. न्यायालयापुढे राज्य उभं राहतं, रहिवासी नाही. कायद्याची ही रचनाच आहे. युरोपाने आशियाला ऐकलं नाही ही तक्रार खरी. पण आशियातल्या राजधान्या आपल्या डोंगरातल्या माणसाला किती ऐकतात? सिंगापूर-दिल्लीच्या अधिवेशनांची खरी परीक्षा मला इथे दिसते. धरणासाठी, महामार्गासाठी जमीन गेलेल्या शहापूर-मुरबाडच्या लोकांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून तुमच्यात जे तरुण कायदा शिकतायत त्यांना एवढंच सांगेन. मोडी शिका, जुने सातबारा आणि फेरफार वाचायला शिका, वारली बोली ऐका. वहिवाट हा शब्द तुम्हाला आजोबांकडून मिळालाय. तो हेगमध्ये चालतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आता प्रश्न घेऊ या.